सावकाशकाकूंची दहा सेकंदं

हॉस्पिटलच्या नर्सेसना सकाळच्या पाळीवर नेणारी बस गेली एकोणीस वर्षं एकाच बाईंच्या हातात होती, आणि एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला ओव्हरटेक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सायकलवाले सोडून. काहीजणींच्या मते सायकलवालेही नाहीत.

"काकू, खाली उतरून ढकलू का?" मागच्या सीटवरून कुणीतरी विचारायचंच.

काकू आरशात बघायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश. पोचल्यावर सलाइन काय तुम्हालाच लावून घ्यायचंय?"

दिवसातून चार वेळा त्यांच्या तोंडातून 'सावकाश' निघायचं, म्हणून नाव पडलं सावकाशकाकू. वय त्रेचाळीस, उंची बेताची, इतकी बेताची की स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसावा म्हणून सीटवर उशी घ्यावी लागे. पण हात असा की बस थांबली तरी झोपलेल्या नर्सला जाग येत नसे. रात्रपाळी करून परतणाऱ्या पोरी तर म्हणायच्या, घरच्या गादीपेक्षा काकूंच्या बसमध्ये झोप चांगली लागते.

याच काकू महिन्यातून एका रविवारी चारशे मीटरचं अंतर दहा सेकंदांत कापत, हे बसमधल्या बहुतेकींना ठाऊक नव्हतं. कॅज्युअल्टीच्या मोठ्या सिस्टरना कळलं तेव्हा त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही तुमची जुळी बहीण का?"

ड्रॅग रेस म्हणजे तसं पाहिलं तर अगदी साधं प्रकरण. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात. समोर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत, मध्ये दिव्यांचा खांब. हिरवा लागला की सुटायचं. वळण नाही, चढ नाही, डावपेच नाहीत. आधी पोचेल तो जिंकला. बघणाऱ्याने नाक शिंकरायला मान वळवली तर रेस संपलेली असते.

काकूंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. एका जुन्या मोटारीचा सांगाडा आणून त्याने तीन वर्षं खपून ही गाडी उभी केली होती आणि आधी तोच चालवायचा. गाडी उत्तम, पण भाऊ दिवा लागल्यावर दचकायचा आणि मग सुटायचा. सलग सहा वेळा हरल्यावर एका रविवारी वैतागून म्हणाला, "ताई, तूच बस एकदा. बघू तरी दोष गाडीचा आहे की माझा."

काकू बसल्या. ट्रकवाल्या बापाच्या शेजारी बसून लहानपण गेलेलं, आणि पुढे सगळी नोकरी सिग्नलच्या दिव्यांकडे बघण्यात. दिवा लागायच्या आधी तो आता लागणार हे त्यांच्या पायाला कळायचं. गाडी सुटली ती शेजारच्याला धूळ खायला ठेवून. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे दोष माझाच."

तेव्हापासून गाडी काकूंची.

काकूंचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. एक काच दहादा उजेडात धरून बघणारा शांत माणूस. त्यांनी बायकोला कधी अडवलं नाही, पण रेस बघायला एकदाही गेले नाहीत. त्या रविवारी ते घरातलं एखादं कपाट रिकामं करून आवरायला घ्यायचे. काकू घरी आल्या की कपाटाकडे बघून ओळखायच्या, आज जीव किती टांगणीला लागला होता ते. एकदा तर त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यासुद्धा एका दिशेला लावून ठेवल्या होत्या.

रेसच्या मैदानावर मात्र एक माणूस काकूंना अजिबात आवडायचा नाही. सत्तरीचे, काटकुळे, खिशात टॉर्च, गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी केलेली, आणि निवृत्तीनंतर हौसेने इथे गाड्या तपासायला येत. प्रत्येक गाडी आधी यांच्या टेबलासमोर उभी करायची. ते वाकून, आडवे होऊन, नखाने खरवडून बघायचे आणि बहुतेक वेळा एकच शब्द बोलायचे, "नाही." सगळे त्यांना नकारघंटा म्हणत, तोंडावर घंटाकाका.

पहिल्याच वेळी त्यांनी काकूंच्या डोळ्यांना फडकं बांधलं होतं. "इंजिन बंद करायचं बटण कुठंय, हात लावा." काकूंचा हात चुकला. "पुन्हा." पुन्हा चुकला. असं अकरा वेळा. मग पट्टा सोडून गाडीबाहेर यायचं, तेही फडकं न सोडता. बाकीची मंडळी बाजूला उभी राहून हसत होती. काकूंच्या मनात आलं, या म्हाताऱ्याचं घरी कुणी ऐकत नसणार.

आणि गेल्या वेळी तर कहरच झाला. गाडीत बसल्यावर अंगाला जखडून ठेवणारे पट्टे असतात, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक खालून. त्या पट्ट्यांवर एक बारीक चिठ्ठी शिवलेली असते, केव्हापर्यंत वापरायचे त्याची तारीख असलेली. घंटाकाकांनी टॉर्च मारून ती वाचली.

"नाही."

"काय नाही?" भावाने विचारलं.

"तारीख उलटून तीन आठवडे झाले."

"अहो काका, तीन आठवड्यांनी काय फरक पडतो? हात लावून बघा, कसा कडक आहे पट्टा."

"उन्हात राहून कडक झालाय, तेच तर वाईट. पट्टा मऊ हवा."

"पट्ट्याला थोडंच कळतंय किती आठवडे झाले?"

"त्याला नाही कळत," घंटाकाका म्हणाले, "म्हणून मला इथे बसवलंय."

गाडी तशीच ट्रेलरवर चढवून परत आणावी लागली. काकू त्या दिवशी घरी लवकर आल्या. कपाट अर्धंच आवरून झालं होतं. "काय झालं?" यजमानांनी विचारलं. "नकारघंटा वाजली," काकू म्हणाल्या आणि अर्ध्या जेवणातून उठल्या. यजमानांनी मात्र त्या दिवशी भात दोनदा वाढून घेतला.

पुढच्या महिन्यात नवे पट्टे लावून दोघं भावंडं पुन्हा त्या टेबलासमोर हजर झाली. घंटाकाकांनी चिठ्ठी वाचली, शिवण पाहिली, हेल्मेट उलटसुलट केलं. आगीत टिकणारा जाड सूट, हातमोजे, बूट. हेल्मेटला मागून दोन दोऱ्यांनी अडकवायची ती खांद्यावरची कमान, जी मान पुढे फेकली जाऊ देत नाही. खिडकीची जाळी ओढून पाहिली. मग काकू आत बसल्यावर स्वतः पट्टे आवळले.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"मग अजून ओढतो."

काकूंनी दात आवळले. शेवटी घंटाकाकांनी गाडीच्या टपावर दोन बोटं वाजवली. ही त्यांची 'हो' म्हणायची पद्धत.

हिरवा दिवा लागला आणि गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. पाठ सीटमध्ये रुतली, भिंती दोन्हीकडून करड्या रेघा होऊन मागे पळायला लागल्या. तीनशे मीटरच्या खुणेपाशी वेग दोनशेच्या वर गेला होता. तेवढ्यात मागून वाळकं लाकूड मोडावं तसा कडाड आवाज आला. मागचा ॲक्सल तुटला होता. गाडी एका बाजूला बसली, आणि काकूंना डाव्या खिडकीच्या जाळीतून एक चाक दिसलं. सुटं, एकटंच, मजेत उड्या मारत पुढे चाललेलं. त्यांच्या मनात स्पष्ट विचार आला, हे आपलंच आहे. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाला ओव्हरटेक केलं नाही, त्यांना त्यांचंच चाक ओव्हरटेक करून निघून गेलं.

पुढचं सगळं मिळून चार-पाच सेकंदांत झालं, पण काकूंना विचाराल तर त्या अर्धा तास सांगू शकतात. गाडी फिरली आणि भिंतीवर आदळली. आदळायच्या आधी उजव्या हाताचा अंगठा आपणहून बटणावर गेला आणि इंजिन बंद झालं. काकू शपथेवर सांगतात, तो त्यांनी नेला नाही, तो गेला. मग दोन्ही हात स्टिअरिंग सोडून छातीवर आले आणि त्यांनी पट्टे घट्ट धरले. आकाश खाली आलं, रस्ता वर गेला. पुन्हा आकाश. काचेचा चुरा समोरून इतका हळू तरंगत गेला की त्यातला एकेक तुकडा मोजता आला असता. डोकं मागे कशावर तरी दणकन आपटलं, मानेला हिसका बसला आणि दोऱ्यांनी तो मध्येच अडवला. काकूंनी दोन कोलांट्या मोजल्या. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, चार होत्या.

मग सगळं थांबलं.

काकू उलट्या लटकत होत्या. कुठंतरी तापलेला पत्रा टिकटिक करत होता. पेट्रोलचा वास येत होता आणि बॉनेटच्या फटीतून हातभर ज्वाळ निघत होती. घाबरायला हवं हे त्यांना कळत होतं, पण त्यांचं सगळं लक्ष पायांकडे होतं. उजव्या पायाची बोटं हलवली, हलली. डावी हलवली, तीही हलली. इतकी साधी गोष्ट, पण त्यांना वाटलं, याहून नवलाचं आपण जन्मात काही पाहिलेलं नाही.

भिंतीमागे तयारीत बसलेली आग विझवणारी मंडळी धावत आली, पांढऱ्या पावडरचा ढग उठला. कुणीतरी ओरडून विचारत होतं, "ऐकू येतंय का?" काकूंनी एक हात खाली, म्हणजे टपाला, टेकवला, त्यावर अंगाचा भार घेतला आणि मगच दुसऱ्या हाताने पट्ट्याची कळ सोडली. तसं केलं नाही तर माणूस डोक्यावर पडतो. फडकं बांधून हेही करून घेतलं होतं त्या म्हाताऱ्याने. जाळी सोडून त्या रांगत बाहेर आल्या.

बाहेर घंटाकाका उभे होते. सत्तरीचा माणूस तीनशे मीटर धावत आला होता, धापा टाकत होता. काकूंनी हेल्मेटच्या पट्ट्याला हात घातला. तेव्हा घंटाकाकांच्या तोंडून कसाबसा एक शब्द निघाला.

"नाही."

मान दुखावली असेल तर हेल्मेट डॉक्टरांनीच काढायचं असतं. काकूंनी हात खाली घेतला. यावेळी राग आला नाही.

ॲम्ब्युलन्सने त्यांना त्यांच्याच हॉस्पिटलात आणलं. स्ट्रेचर आत आलं तेव्हा कॅज्युअल्टीत मोठ्या सिस्टरच होत्या. कागदावर 'मोटार उलटली, वेग दोनशे' असं वाचून त्यांनी आधी तयारी केली ती वाईटातल्या वाईटाची, आणि मग चेहरा पाहिला.

"काकू, तुम्ही?"

"सावकाश हं, सिस्टर," काकू म्हणाल्या, "खांदा दुखतोय."

मोठ्या सिस्टरनी कात्रीने सूट उभा कापला. बाहेरून एका बाजूला तो काळा पडला होता, आतला थर जसाच्या तसा. खाली एकही भाजल्याची खूण नाही. एक्स-रे झाले, तपासण्या झाल्या, दोन डॉक्टर येऊन गेले. निघालं ते एवढंच, खांद्याजवळच्या हासळीच्या हाडाला तडा, गुडघ्याला मुका मार, आणि दोन्ही खांद्यांवरून छातीपर्यंत व कमरेवरून जांभळे पट्टे उमटलेले. इतके रेखीव की शिवणीचे टाकेसुद्धा मोजता यावेत.

मोठ्या सिस्टर त्या जांभळ्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नव्या पोरींना हाक मारली. पाच-सहा जणी आल्या, सगळ्या काकूंच्या बसमधल्याच.

"हे नीट बघून घ्या," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "बावीस वर्षं मी या दारात उभी आहे. भाजी आणायला चाळीसच्या वेगाने निघालेली माणसं इथे येतात, आणि त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ते मला ठरवावं लागतं. ही बाई दोनशेच्या वेगाने भिंतीवर गेलीय, चार वेळा उलटलीय, आणि मला सावकाश म्हणतेय."

एकीने नुसता काकूंच्या पावलाला हात लावला, ते खरंच तिथे आहे ना हे बघायला.

यजमान आले ते कपाट पुसायचं फडकं हातात तसंच घेऊन. भावाने फोनवर 'बरी आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून ते आले होते. त्यांनी काकूंच्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं आणि डावीकडून उजवीकडे नेलं. काकूंची नजर बोटामागे गेली. मग उजवीकडून डावीकडे. दुकानात गिऱ्हाइकांचं बघतात तसंच. चार-पाच वेळा झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, नंबर वाढलाय का?"

ते स्टुलावर बसले आणि फडक्यात तोंड घालून रडले.

तीन आठवड्यांनी हात गळ्यात अडकवून काकू भावाच्या गॅरेजात गेल्या. गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. भावाने ताडपत्री ओढली आणि बाजूला सरकला.

पुढचा भाग चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता. मागचा भाग नव्हताच म्हटलं तरी चालेल. टप चपटा, दारं आत गेलेली. आणि या सगळ्या भंगाराच्या मधोमध, जाड नळ्यांच्या पिंजऱ्यात, एक माणूस बसेल एवढी जागा जशीच्या तशी होती. नळ्या खरचटल्या होत्या, एक जराशी वाकली होती, पण आत काही शिरलं नव्हतं. काकू त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. नेमकी त्यांच्या मापाची जागा. जणू त्या आकाराला कुणी हात लावू दिला नव्हता.

"या नळ्या जोडताना तू माझ्यावर चिडली होतीस," भाऊ म्हणाला. "गाडी जड होते म्हणून."

"चिडले होते," काकू म्हणाल्या. त्यांनी चांगल्या हाताने एका जोडावरून बोट फिरवलं. "किती वेळ लागला होता तुला?"

"नुसत्या जोडांना नऊ रविवार."

तेवढ्यात घंटाकाका आले. हातात पिशवी, पिशवीत लोखंड कापायची करवत. भावानेच त्यांना बोलावलं होतं.

"हेल्मेट कुठंय?" त्यांनी आल्याआल्या विचारलं.

"घरी शोकेसमध्ये ठेवणार आहे मी ते," काकू म्हणाल्या.

"नाही."

"काका, आठवण म्हणून."

"आज आठवण. उद्या कुणी पाहुणा येईल, स्कूटरवर घालून जाईल. बाहेरून धडधाकट दिसतंय ना. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा डोकं वाचवत नाही. ते कापायचं."

काकूंनी भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. हेल्मेट शिकंज्यात आवळलं आणि घंटाकाकांनी करवत चालवली. वेळ लागला. अर्ध्यावर करवत भावाने हातात घेतली. शेवटी कलिंगडाच्या फोडीसारखे दोन भाग टेबलावर पडले.

बाहेरच्या कवचाच्या आत, डोक्याभोवती, दोन बोटं जाड फोमचा थर होता. पुढे तसाच, बाजूंना तसाच. आणि मागे, डाव्या अंगाला, तळहाताएवढ्या जागेत तो दबून पापडासारखा झाला होता.

घंटाकाकांनी चष्मा लावला. टॉर्च लावला. मग काकूंचा अंगठा धरून त्या खळग्यात ठेवला.

"इथे थांबलं तुमचं डोकं."

काकूंनी अंगठा काढला नाही. त्यांना तो दणका आठवला. एवढासा फोम, मुठीत चुरगळता येईल असा. तो चेपला म्हणून त्यांची कवटी चेपली नाही. तो कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी ओतला असेल, कुणीतरी मोजला असेल, कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं असेल की एवढाच जाड हवा, याहून पातळ नको. त्या माणसांना काकूंचं नावही माहीत नव्हतं. आणि तरी त्या सगळ्यांनी त्यांच्या डोक्याचा इतका बारकाईने विचार करून ठेवला होता, त्या भिंतीपाशी पोचायच्या कितीतरी आधी.

घंटाकाका खाली बसले.

"ताई, लिफ्टच्या तळाशी खड्ड्यात मोठ्या स्प्रिंगा असतात," ते म्हणाले. "वरचं सगळं निकामी झालं तर शेवटी झेलायला. चौतीस वर्षं मी त्या खड्ड्यांत उतरून स्प्रिंगा तपासल्या. गंजलीय, बदला. ढिली झालीय, बदला. लोक शिव्या द्यायचे. पण त्यातली एकही कधी वापरात आलेली मी पाहिली नाही. वाईट काही झालंच नाही कधी. घरी बायको म्हणायची, तुम्ही जे करता त्याने होतं तरी काय? मला उत्तर देता यायचं नाही." त्यांनी हेल्मेटचा तुकडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "आज पहिल्यांदा बघतोय. हे असं दिसतं तर."

तिघंही त्या दोन तुकड्यांभोवतीच होती. बाहेर कुणाची तरी गाडी येऊन हॉर्न वाजवत होती, पण भाऊ गेला नाही.

काकू दोन महिन्यांनी कामावर रुजू झाल्या. पहिल्या दिवशी बस गच्च भरली होती, सुट्टी असलेल्याही दोघी-तिघी उगाच आल्या होत्या. काकूंनी स्वतःचा पट्टा लावला, आरशात पाहिलं आणि बस सुरूच केली नाही. मागे कुजबूज झाली. मग एकेक सीटवरून पट्टे अडकल्याचे आवाज येत गेले. शेवटचा आवाज मोठ्या सिस्टरचा.

"ढकलू का, काकू?" कुणीतरी विचारलं.

"ढकला," काकू म्हणाल्या आणि गिअर टाकला.

रेसची गाडी पुन्हा उभी राहायला सव्वा वर्ष गेलं. या वेळी जोड घालताना काकू रविवारी गॅरेजात बसून असायच्या आणि एखादा जोड मनासारखा वाटला नाही की सांगायच्या, "हा पुन्हा घाल." भाऊ म्हणायचा, एक घंटाकाका पुरे नव्हते का. पहिल्या रेसला यजमान आले. न सांगता, डबा घेऊन, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. टेबलासमोर गाडीची तपासणी तब्बल चाळीस मिनिटं चालली, मागे रांग लागली, लोक कुरकुरले. यजमान मात्र गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि प्रत्येक पट्ट्यावर टॉर्चचा उजेड पडताना घंटाकाकांच्या खांद्यावरून वाकून, एखादी काच उजेडात धरून बघावी तसे, बघत राहिले.